चिकणमातीवरील कृत्रिम हिरवळ मैदानाची पायाबांधणी

चिकणमातीवरील कृत्रिम हिरवळ मैदानाची पायाबांधणी म्हणजे फुगणाऱ्या व पाणी न झिरपणाऱ्या जमिनीवर कृत्रिम हिरवळ (बोलीभाषेत 'टर्फ') अंथरण्यापूर्वी करावयाची खोदाई, भराव, दबाई आणि जलनिःसारणाची कामे होत. ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरात भाडेतत्त्वावर चालणारी बॉक्स क्रिकेट व लहान फुटबॉलची मैदाने मोठ्या संख्येने उभी राहिली आहेत. त्यांपैकी अनेक मैदाने पूर्वीच्या भातखाचरांवर, खाडीकाठच्या खाजण जमिनीवर किंवा जुन्या भरावावर आहेत. अशा जमिनीत हिरवळीच्या दर्जापेक्षा तिच्याखालील थरांचा दर्जा मैदानाचे आयुष्य ठरवतो. हिरवळ काही वर्षांनी बदलता येते. खचलेला किंवा फुगलेला पाया मात्र संपूर्ण मैदान उखडल्याशिवाय दुरुस्त करता येत नाही.

## पार्श्वभूमी

कृत्रिम हिरवळीचा मोठ्या क्रीडांगणावरील पहिला प्रसिद्ध वापर १९६६ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथील ॲस्ट्रोडोम या बंदिस्त क्रीडागारात झाला. त्यावरूनच 'ॲस्ट्रोटर्फ' हे नाव रूढ झाले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकीचे सामने प्रथमच कृत्रिम पृष्ठभागावर खेळवण्यात आले. त्या स्पर्धेत भारत सातव्या स्थानी राहिला आणि भारतातील क्रीडाक्षेत्रात या पृष्ठभागाची चर्चा तेव्हापासून सुरू झाली. पुढील काळात लांब पात्यांची, वाळू व रबराचे कण भरलेली हिरवळ विकसित झाली. ती फुटबॉलसाठी सोयीची ठरल्याने लहान व्यावसायिक मैदानांचा मार्ग मोकळा झाला.

ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी व कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी अस्तित्वात आली. त्यानंतरच्या दशकांत या शहरांभोवतीची शेतजमीन वेगाने बांधकामाखाली गेली. मोकळ्या मैदानांची टंचाई, कार्यालयीन वेळेनंतर प्रकाशझोतात खेळण्याची सोय आणि तासाप्रमाणे भाडे आकारण्याची पद्धत यांमुळे टर्फ मैदान हा येथील एक परिचित व्यवसाय झाला. या व्यवसायात मैदानाचा प्रत्येक बंद दिवस हा थेट तोटा असतो. पाणी साचल्यामुळे बंद ठेवावे लागणारे दिवस बहुतांशी पायाच्या दोषांमुळे वाढतात.

## परिसरातील जमिनीचे प्रकार

ठाणे जिल्ह्याचा मूळ खडक म्हणजे दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण अर्थात बेसॉल्ट होय. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांत तयार झाला. येऊर, पारसिक व मलंगगड येथील डोंगर याच खडकाचे आहेत. या खडकाची झीज होऊन प्रथम मुरूम व शेवटी माती बनते. पायाबांधणीच्या दृष्टीने परिसरातील जमिनीचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात.

* वरकस जमीन – डोंगरउतारावरील उथळ, तांबूस-पिवळसर, मुरूममिश्रित जमीन. पाण्याचा निचरा चांगला होतो. पायासाठी ही सर्वांत सोपी जमीन आहे.
* भातखाचराची जमीन – उल्हास नदी व तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यातील काळी ते गडद तपकिरी चिकणमाती. पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या चिखलणीमुळे खाचराखाली पाणी धरून ठेवणारा घट्ट थर बनलेला असतो. भातशेतीसाठी उपयुक्त असलेला हाच गुण मैदानासाठी अडचणीचा ठरतो.
* खाजण जमीन – ठाणे खाडी व उल्हास नदीच्या मुखाकडील भागातील करड्या-काळ्या रंगाची, खारट, अतिशय मऊ सागरी चिकणमाती. भार पडल्यावर तिच्यातील पाणी संथपणे बाहेर पडते व जमीन वर्षानुवर्षे खचत राहते.
* भरावाची जमीन – सखल जागेत टाकलेला राडारोडा, माती, डबर व कचरा यांचे मिश्रण. वरून कठीण दिसली तरी ती एकजीव नसते आणि ठिकठिकाणी वेगवेगळ्या प्रमाणात दबते.

एकाच भूखंडात दोन प्रकारची जमीन असणे नेहमीचे आहे. अर्धे मैदान खाचराच्या बांधावर व अर्धे खाचरात आल्यास दोन्ही भागांच्या खचण्यात फरक पडतो. त्या रेषेवर पुढे हिरवळीला लाट येते.

## चिकणमातीचे गुणधर्म

०.००२ मिलिमीटरपेक्षा लहान कणांना चिकणमातीचे कण म्हणतात. बेसॉल्टपासून बनलेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट गटातील खनिजे विपुल असतात. या खनिजांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरल्यावर ते एकमेकांपासून दूर सरकतात व माती फुगते. पाणी निघून गेल्यावर ती आकसते आणि तिला भेगा पडतात. मे महिन्यात रिकाम्या खाचरात दिसणाऱ्या रुंद भेगा हा याच गुणधर्माचा परिणाम होय.

ठाण्यात वार्षिक पर्जन्यमान अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास आहे आणि त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यामुळे जमीन वर्षातून एकदा पूर्ण भिजते व एकदा पूर्ण सुकते. मैदानाच्या मध्यभागातील माती हिरवळीखाली झाकलेली असल्याने तिची ओल फारशी बदलत नाही. कडांची माती मात्र उन्हापावसाप्रमाणे आकसते व फुगते. म्हणून अशा मैदानांच्या कडा प्रथम बिघडतात आणि कडेचे काँक्रीटचे बांध मुख्य पायापासून सुटतात.

चिकणमातीचा दुसरा दोष म्हणजे पाणी न झिरपणे. वाळूमिश्रित जमिनीत उपयोगी पडणारा शोषखड्डा येथे पहिल्या काही पावसांतच भरून जातो व नंतर निरुपयोगी ठरतो. म्हणून पाण्याचा निचरा जमिनीत न करता नळ्यांद्वारे मैदानाबाहेर न्यावा लागतो.

## जमिनीची तपासणी

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २७२० या मानकाच्या विविध भागांत माती तपासण्याच्या पद्धती दिल्या आहेत. मैदानाच्या कामासाठी पुढील चाचण्या विशेष उपयुक्त आहेत.

* द्रवता मर्यादा व सुघट्यता निर्देशांक (भाग ५) – आयएस १४९८ या वर्गीकरण मानकानुसार द्रवता मर्यादा ३५ टक्क्यांहून कमी असल्यास माती अल्प संपीड्य, ३५ ते ५० असल्यास मध्यम आणि ५० हून अधिक असल्यास अति संपीड्य मानली जाते.
* मुक्त फुगवटा निर्देशांक (भाग ४०) – प्रत्येकी १० ग्रॅम कोरडी, चाळलेली माती एका नळकांड्यात ऊर्ध्वपातित पाण्यात व दुसऱ्यात केरोसीनमध्ये टाकून ठेवतात. केरोसीनमध्ये माती फुगत नाही. दोन्ही घनफळांतील फरकावरून टक्केवारी काढली जाते. उदाहरणार्थ, केरोसीनमध्ये १२ मिलिलिटर व पाण्यात २१ मिलिलिटर घनफळ आल्यास निर्देशांक ७५ टक्के होतो. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या बांधकाम विनिर्देशांत ५० टक्क्यांहून अधिक निर्देशांक असलेली माती भरावासाठी अयोग्य ठरवली आहे. मैदानासाठीही हाच निकष व्यवहारात सोयीचा ठरतो.
* प्रॉक्टर चाचणी (भाग ७ व ८) – किती ओलाव्यावर माती वा मुरूम सर्वाधिक घट्ट दाबला जातो, हे या चाचणीतून कळते.
* सीबीआर चाचणी (भाग १६) – भिजलेल्या जमिनीची भारवहनक्षमता मोजते. भिजलेल्या काळ्या मातीचे मूल्य बहुधा २ ते ४ टक्क्यांच्या दरम्यान येते. ते रस्त्याच्या पायासाठीही फार कमी मानले जाते.
* वाळू प्रतिस्थापन चाचणी (भाग २८) – दबाई झालेल्या थराची प्रत्यक्ष घनता जागेवर तपासण्यासाठी वापरतात.

प्रयोगशाळेतील चाचण्यांबरोबर जागेवर दोन-तीन ठिकाणी किमान दीड ते दोन मीटर खोल खड्डे घेऊन मातीचे थर पाहिले जातात. भरावाची जाडी, जुन्या विहिरी, गाडलेली गटारे व भूजलाची पातळी यांतून समजते. भूजलाची नोंद मे महिन्यात घेतल्यास ती फसवी ठरते. जुलै-ऑगस्टमधील पातळी स्थानिक रहिवाशांना विचारून किंवा शेजारच्या विहिरीवरून निश्चित करणे आवश्यक असते.

## पायाचे थर

चिकणमातीवरील मैदानाची सर्वसाधारण थररचना खालून वर पुढीलप्रमाणे असते. जाडी मातीच्या चाचण्यांनुसार बदलते.

| थर | साधारण जाडी | कार्य |
|---|---|---|
| दाबलेली मूळ माती | – | अंतिम उतार व आधार |
| विलगक जिओटेक्स्टाईल कापड | – | माती व मुरूम एकमेकांत मिसळू न देणे |
| कठीण मुरूम | ३०० ते ४५० मिमी | न फुगणारा भार-थर |
| पाणी अडवणारा पडदा (गरजेनुसार) | – | पाणी चिकणमातीत जाऊ न देणे |
| खडी | १५० मिमी | पाणी साठवणे व नळ्यांकडे नेणे |
| ग्रिट व दगडी भुकटी | ३० ते ५० मिमी | समतल पृष्ठभाग |
| शॉकपॅड (ऐच्छिक) | १० ते २५ मिमी | खेळाडूंच्या सांध्यांना संरक्षण |
| हिरवळ, वाळू व रबराचे कण | ४० ते ६० मिमी | खेळाचा पृष्ठभाग |

### खोदाई

प्रथम मुळे, भाताचे खुंट व सेंद्रिय द्रव्य असलेला वरचा थर पूर्ण काढला जातो. सेंद्रिय द्रव्य कुजल्यावर पोकळी राहते व पृष्ठभागावर खळगे पडतात. खोदाईचा तळ सपाट ठेवण्याऐवजी अंतिम मैदानाप्रमाणेच त्याला उतार दिला जातो. तळ सपाट वा खोलगट राहिल्यास वरचे थर पाण्याने भरलेल्या हौदासारखे होतात. चिकणमातीत घेतलेल्या खोदाईचे पाणी कोठेही जात नसल्याने हा दोष पुढे दुरुस्त करता येत नाही.

तळावरून भरलेला डंपर सावकाश फिरवून मऊ जागा शोधल्या जातात. चाकाखाली जमीन लवते किंवा लाटेसारखी हलते, तेथील माती काढून डबर व मुरूम भरला जातो. अवघड कोपऱ्यांत, खांबांभोवती व कडेच्या बांधालगत रोलर पोहोचत नाही. तेथे दुरमुस किंवा यांत्रिक ठोकणी वापरतात.

### मुरूमाचा थर

काळ्या मातीवर न फुगणाऱ्या मातीचा थर देण्याच्या पद्धतीचा शास्त्रीय पाया पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांच्या संशोधनाने घातला. चिकट परंतु न फुगणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर वर असल्यास खालील काळ्या मातीचा फुगवटा आटोक्यात राहतो, असे त्यांनी दाखवले. ही पद्धत कर्नाटकातील मलप्रभा कालव्याच्या कामात वापरली गेली. फुगणाऱ्या मातीतील कालव्यांच्या अस्तरीकरणासाठीच्या आयएस ९४५१ या मानकातही तिचा समावेश आहे. या पद्धतीचा पूर्ण परिणाम मिळण्यास सुमारे एक मीटर जाडी लागते. लहान मैदानांना एवढा खर्च परवडत नाही. तेथे ३०० ते ४५० मिलिमीटर मुरूम, कापडी विलगक व काटेकोर जलनिःसारण यांची सांगड घातली जाते. अशा पायात फुगवटा नाहीसा होत नाही, तर मर्यादित होतो.

सर्व मुरूम सारखा नसतो. बाजारात मिळणाऱ्या पिवळसर मुरूमात मातीचे प्रमाण अधिक असल्यास तो ओला झाल्यावर चिकट होतो. मुठीत दाबून त्याचा गोळा होत असेल व हाताला माती चिकटत असेल, तर सुघट्यता चाचणी केल्याखेरीज तो वापरू नये, असा दंडक पाळला जातो. मुरूम सुमारे १५० मिलिमीटरच्या थरांत पसरून, पाणी मारून, आठ ते दहा टनी रोलरने दाबतात. प्रत्येक थराची घनता प्रॉक्टर चाचणीतील कमाल घनतेच्या ९५ ते ९७ टक्के असणे अपेक्षित असते. एकाच वेळी अर्धा मीटर मुरूम ओतून वरून रोलर फिरवल्यास वरचा थर कठीण व खालचा सैल राहतो. तो पहिल्या पावसाळ्यात खचतो.

### चुन्याने स्थिरीकरण

मुरूम उपलब्ध नसल्यास किंवा खोदाई कमी ठेवायची असल्यास काळ्या मातीतच चुना मिसळला जातो. चुन्यातील कॅल्शियममुळे चिकणमातीचे कण एकत्र येतात, तिची सुघट्यता घटते व फुगवटा कमी होतो. चुन्याचे प्रमाण साधारणतः मातीच्या कोरड्या वजनाच्या ३ ते ६ टक्के असते व ते प्रयोगशाळेत निश्चित केले जाते. चुना एकसारखा मिसळण्यासाठी यंत्र लागते. दाट वस्तीत चुन्याची धूळ शेजाऱ्यांना व कामगारांना अपायकारक ठरत असल्याने शहरी भागात ही पद्धत सावधगिरीने वापरावी लागते.

### खाजण जमिनीतील विशेष उपाय

सागरी चिकणमातीवर केवळ मुरूमाचा जाड भराव टाकणे हा उपाय नसून तीच समस्या होऊ शकते. एक मीटर दाबलेला मुरूम प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १.८ ते २ टन भार टाकतो. या भाराने खालील मऊ थर अनेक वर्षे खचत राहतो. मोठ्या बंदर व रस्ते प्रकल्पांत उभ्या निचरा पट्ट्या व पूर्वभार देऊन हे खचणे आधीच घडवून आणतात. लहान मैदानासाठी ते परवडत नाही. तेथे भरावाची उंची कमीत कमी ठेवणे, मुरूमाखाली जिओग्रिड जाळी अंथरणे, भराव टाकून एक पावसाळा जाऊ देणे व काँक्रीटऐवजी लवचीक खडीचा पाया निवडणे हे पर्याय योजले जातात.

## जलनिःसारण

### पृष्ठभागाचा उतार

मैदानाला मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना ०.५ ते १ टक्का ढाळ दिला जातो. १५ मीटर रुंद मैदानात मध्य व कड यांत १ टक्का उतारानुसार ७५ मिलिमीटरचा फरक येतो. याहून अधिक उतार चेंडूच्या गतीवर परिणाम करतो. आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या (फिफा) दर्जा निकषांनुसार ३ मीटर लांबीच्या सरळ पट्टीखाली पृष्ठभागातील फरक १० मिलिमीटरपेक्षा कमी असावा. तसेच हिरवळीतून तासाला १८० मिलिमीटरहून अधिक पाणी झिरपावे, अशी अपेक्षा आहे. हिरवळ ही क्षमता देऊ शकते. प्रश्न तिच्याखाली जाणाऱ्या पाण्याच्या पुढील वाटेचा असतो.

### नळ्यांची रचना

छिद्रे असलेल्या सुमारे १०० मिलिमीटर व्यासाच्या नळ्या ५ ते १० मीटर अंतरावर, माशाच्या काट्यासारख्या रचनेत, खडीने भरलेल्या चरांत बसवतात. त्यांना १:१०० ते १:२०० उतार दिला जातो व त्या कडेच्या मुख्य नळीस जोडतात. चरातील खडीभोवती कापड गुंडाळले जाते. ते नसल्यास चिकणमातीचे बारीक कण एक-दोन पावसाळ्यांत छिद्रे बुजवतात. कोपऱ्यांवर गाळ काढण्यासाठी झाकणाचे हौद ठेवले जातात.

### आकडेमोडीचे उदाहरण

३० × १५ मीटर (४५० चौरस मीटर) मैदान गृहीत धरल्यास तासाला ५० मिलिमीटर पावसात २२,५०० लिटर पाणी जमा होते. म्हणजे प्रवाह सेकंदाला सुमारे ६.२५ लिटर होतो. १:१०० उताराची, गुळगुळीत प्लॅस्टिकची १०० मिलिमीटर नळी पूर्ण भरून वाहताना सेकंदाला सुमारे ६ लिटर पाणी नेते. त्यामुळे एकच बहिर्गम नळी या पावसासाठी अपुरी पडते. त्याच उताराची १५० मिलिमीटर नळी सुमारे १८ लिटर नेते व तासाला १०० मिलिमीटर पावसालाही पुरते. १५० मिलिमीटर खडीच्या थरात ३५ टक्के पोकळी धरल्यास सुमारे २३,६०० लिटर पाणी तात्पुरते साठू शकते. हे पाणी ५२ मिलिमीटर पावसाइतके आहे. म्हणून खडीत दगडी भुकटी मिसळून तिची पोकळी बुजवणे टाळले जाते.

### बहिर्गम आणि भरती

या परिसरात निचऱ्याचे गणित मैदानाच्या हद्दीवर संपत नाही. ठाणे, कळवा, दिवा, डोंबिवली व कल्याणच्या खाडीकाठच्या भागांतील नाले भरतीच्या वेळी खाडीच्या पाण्याने तुंबतात. मुसळधार पाऊस व मोठी भरती एकाच वेळी आल्यास नाल्यातील पाणी उलट नळीने मैदानाखाली शिरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि उल्हास खोऱ्यातही पूर आला. जुलै २०१९ मध्ये बदलापूर व वांगणीदरम्यान पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली. अशा घटनांपुढे कोणतेही लहान मैदान कोरडे राहत नाही. मात्र बहिर्गम नाल्याच्या नेहमीच्या पावसाळी पातळीच्या वर ठेवणे, त्यावर एकमार्गी झडप बसवणे व गरजेनुसार पंपासाठी हौद ठेवणे यांमुळे नेहमीच्या पावसातील बंद दिवस कमी होतात.

## झिरपणारा की अभेद्य पाया

खडीच्या झिरपणाऱ्या पायात पाणी खाली उतरते व नळ्यांतून बाहेर जाते. चिकणमातीवर यातील धोका असा की निचरा अपुरा असल्यास साठलेले पाणी मातीला भिजवत राहते. म्हणून फुगवटा अधिक असलेल्या जमिनीत खडीखाली प्लॅस्टिकचा अभेद्य पडदा अंथरून त्यावर नळ्या बसवतात.

दुसरा पर्याय काँक्रीटच्या अभेद्य तळाचा आहे. यात पाणी पृष्ठभागावरून कडेच्या गटारात जाते. समतलता उत्तम मिळते व काम लवकर होते. परंतु फुगणाऱ्या मातीवर पातळ काँक्रीट सांध्यांवर उचलले जाते व तडकते. तसेच त्यावर शॉकपॅड नसल्यास पडझडीत दुखापतीचा धोका वाढतो. भाडेपट्ट्याच्या जमिनीवर मुदत संपल्यावर काँक्रीट काढण्याचा खर्चही विचारात घ्यावा लागतो. खडी व मुरूम मात्र पुन्हा वापरता येतात.

## जाळीच्या खांबांचे पाये

बॉक्स क्रिकेटच्या मैदानाला चारही बाजूंनी व वरून जाळी असते. पावसाळी वाऱ्यात भिजलेल्या जाळीवर मोठा आडवा दाब येतो. काळ्या मातीत उथळ चौकोनी पाये दरवर्षी वरखाली होऊन खांब कलतात. रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा मातीसाठी तळाशी कंदाप्रमाणे रुंद असलेले काँक्रीटचे स्तंभ विकसित केले. त्यांचे मानक आयएस २९११ च्या तिसऱ्या भागात आहे. काळ्या मातीत ते साधारण ३.५ मीटर खोल, म्हणजे ऋतुमानाप्रमाणे ओल बदलणाऱ्या थराच्या खाली नेले जातात. खांबांचे पाये मैदानाचे थर टाकण्यापूर्वी पूर्ण करणे आवश्यक असते. नंतर खोदल्यास दाबलेला मुरूम सैल होतो व विलगक कापड फाटते.

## कामाचे वेळापत्रक

भारतीय हवामान विभागाच्या सुधारित सरासरी तारखांनुसार मुंबई परिसरात मोसमी पाऊस ११ जूनच्या सुमारास येतो व ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघार घेतो. पाऊस संपल्यावर चिकणमाती लगेच दाबण्यायोग्य होत नाही. ती सुकण्यास काही आठवडे लागतात. म्हणून खोदाई नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, मुरूम व नळ्या फेब्रुवारीपर्यंत आणि हिरवळ एप्रिलपर्यंत असा क्रम सोयीचा मानला जातो. मे महिन्यात भेगाळलेल्या, पूर्ण सुकलेल्या मातीवर थेट भराव टाकणे धोक्याचे असते. पहिल्या पावसात ती माती फुगते आणि वरचे थर उचलते. अशा वेळी भेगा भरून, पाणी मारून माती योग्य ओलीवर आणली जाते व मगच दाबली जाते.

## साहित्याचे प्रमाण

ठाणे परिसरात खडी, मुरूम व रेतीचा व्यवहार 'ब्रास' या एककात होतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. वरील ४५० चौरस मीटर मैदानास ३०० मिलिमीटर दाबलेला मुरूम १३५ घनमीटर म्हणजे सुमारे ४८ ब्रास लागतो. डंपरमधील मुरूम सैल असल्याने २५ टक्के वाढ धरून सुमारे ६० ब्रास मागवावा लागतो. १५० मिलिमीटर खडीसाठी दाबल्यानंतरचे प्रमाण ६७.५ घनमीटर म्हणजे सुमारे २४ ब्रास येते. अर्धा मीटर खोदाईतून जागेवरील मापाने सुमारे ८० ब्रास माती निघते. सैल झाल्यावर ती १०० ब्रासच्या पुढे जाते. या मातीची विल्हेवाट हा खर्चाचा दुर्लक्षित, परंतु मोठा भाग असतो.

## कायदेशीर व पर्यावरणीय बाबी

* गौण खनिज – मुरूम व खडी ही गौण खनिजे आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ अन्वये विनापरवाना उत्खनन वा वाहतूक दंडनीय आहे. पुरवठादाराकडून वाहतूक परवाना घेणे त्यामुळे आवश्यक ठरते.
* जमिनीचा वापर – शेतजमिनीच्या व्यावसायिक वापरासाठी स्थानिक नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागू होते.
* कांदळवने – मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ मधील आदेशाने व २०१८ मधील निकालाने कांदळवनांची तोड व त्यांवरील भराव यांस प्रतिबंध आहे. कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित आहे. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्यास २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. खोदाईची माती खाडीकाठी टाकणे हे त्यामुळे नियमबाह्य असून पुराची तीव्रताही वाढवते.
* शेजारची जमीन – भराव टाकून मैदान उंच केल्यास तेथे पूर्वी साठणारे पाणी शेजारच्या चाळीत वा शेतात जाते. जुना नैसर्गिक नाला न बुजवणे व मैदानाभोवती स्वतंत्र गटार देणे हाच यावरील उपाय आहे.
* सूक्ष्म प्लॅस्टिक – पावसाच्या पाण्याबरोबर रबराचे कण नाल्यात व खाडीत जातात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये अशा कणांच्या विक्रीवर निर्बंध आणले असून मैदानांसाठी २०३१ पर्यंत मुदत दिली आहे. निचरा हौदात जाळी बसवल्यास बरेच कण अडवता येतात.
* उष्णता व पुनर्भरण – उन्हात कृत्रिम हिरवळीचे तापमान नैसर्गिक गवतापेक्षा बरेच अधिक असते. अभेद्य पायामुळे पावसाचे पाणी जमिनीत मुरण्याऐवजी एकदम नाल्यात जाते.

## सामान्य दोष व त्यांची कारणे

* मैदानात तळी साचणे – खोदाईच्या तळाला उतार नसणे, नळ्या गाळाने बुजणे किंवा स्थानिक खचणे.
* कडा उचलल्या जाणे – कडेच्या मातीची ओल बदलणे. कडेबाहेर एक-दीड मीटरचा फरसबंदी पट्टा दिल्यास हा दोष कमी होतो.
* हिरवळीचे सांधे उघडणे – पायातील असमान हालचाल. उघड्या सांध्यात पाय अडकून घोटा व गुडघ्याच्या दुखापती होतात.
* पृष्ठभागावर चिखल येणे – विलगक कापड नसल्याने खालील चिकणमाती पायाच्या दाबाने खडीत वर चढणे.
* दुर्गंधी – सेंद्रिय थर न काढणे किंवा सांडपाण्याचा नाला निचरा नळीत उलटणे.

## देखभाल

दरवर्षी मे महिन्यात हौदांतील गाळ काढणे, बहिर्गम झडप तपासणे व नळ्यांतून पाणी सोडून प्रवाह पाहणे ही कामे केली जातात. पहिल्या पावसानंतर पृष्ठभागावरील खळगे खुणा करून नोंदवले जातात. पुढील हिवाळ्यात तेवढ्या भागातील हिरवळ उचलून ग्रिटचा थर दुरुस्त करता येतो. चिकणमातीवरील मैदानात पहिले दोन पावसाळे विशेष निरीक्षणाचे मानले जातात. या काळात पायाची बहुतेक हालचाल दिसून येते.

## हेही पाहा

* काळी कापसाची माती
* कृत्रिम हिरवळ
* मुरूम
* उल्हास नदी
* ठाणे खाडी
* खारभूमी